ड्रेस्डेनच्या गटाचं मत

पहिल्या बैठकीला हेर वेन्झेल, म्हणजे वेन्झेलसाहेब, सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते. अरुंधती कारखानीस एकटीच खुर्च्या मांडतेय हे पाहून ते उठले, काही न बोलता कोट काढून ठेवला आणि निम्म्याहून जास्त खुर्च्या त्यांनीच गोलात लावल्या. मग पुन्हा आपल्या जागी जाऊन बसले.

अरुंधती ड्रेस्डेनच्या विद्यापीठात समाजशास्त्रावर संशोधन करत होती. तिचा नवरा चारुदत्त तिथल्याच एका चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. त्याच्या नोकरीमागे ती पुण्याहून आली, डॉक्टरेट इथे केली आणि मग या प्रकल्पावर लागली. प्रकल्प सहा देशांतल्या सहा शहरांत चालला होता. प्रत्येक शहरात बारा साधी माणसं एकत्र बसवायची, त्यांना एका प्रश्नावर बोलू द्यायचं, मत नोंदवायचं, आणि वर्षभरानं त्याच बारा जणांना पुन्हा बोलवायचं. प्रश्न असा होता : युरोपातल्या सगळ्या देशांनी मिळून एक सामायिक निधी उभारावा का, म्हणजे कुठल्याही देशातला माणूस बेकार झाला, आजारी पडला, तर तो ज्या देशात असेल तिथे त्याला आधार मिळेल? शून्य म्हणजे मुळीच नको, दहा म्हणजे नक्की हवा.

अरुंधतीचं काम फक्त बोलतं करायचं. स्वतःचं मत चेहऱ्यावरही दिसता कामा नये, आणि दोन बैठकांच्या मधे गटातल्या कोणाशीही संबंध ठेवायचा नाही, असा नियम होता.

"आमची फॅक्टरी बर्लिनची भिंत पडल्यावर बंद झाली," हेर वेन्झेल म्हणाले. त्यांची बोलायची पद्धत संथ होती. "दोन वर्षं मी घरी होतो. पश्चिमेकडच्यांनी तुम्हाला पोसलं, हे तेव्हापासून ऐकतोय. तीस वर्षं झाली, अजून ऐकतोय. आता हेच स्पेनच्या, बल्गेरियाच्या माणसाला आपण ऐकवायचं का? मला नाही कोणाला ऐकवायचं. माझ्या दारात कोणी आलं तर मी त्याला जेवायला घालीन. ते मी ठरवीन. ब्रसेल्समधल्या माणसानं माझ्या वतीनं दयाळू व्हायचं कारण नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर," शेजारच्या फ्राऊ हाबरलांट म्हणाल्या. त्या निवृत्त नर्स होत्या. माना डोलल्या, एकदोघांनी विरोध केला. आपल्याकडे पूर आला तेव्हा मदत कुठून कुठून आली होती ते आठवा, असं एक तरुण शिक्षक म्हणाला.

गोलात एक रुमानियन बाई होती, मिहाएला. चाळिशीची, ठेंगणी, केस घट्ट मागे बांधलेले. शहराबाहेरच्या एका लाँड्रीत हॉटेलांच्या चादरी धुवायच्या कामावर होती. इथे राहणारी परदेशी व्यक्ती म्हणून तिची निवड झाली होती. सगळ्यांचं झाल्यावर अरुंधतीनं तिच्याकडे पाहिलं. आता ही बाजू मांडेल, असं सगळ्यांनाच वाटलं असावं.

"मला काही नको," मिहाएला म्हणाली. तिचं जर्मन मोडकं पण ठाम होतं. "मी काम करते. आमच्या गावातही आहेत बसून खाणारे. त्यांच्यासाठी मी का भरू?"

हेर वेन्झेल मोठ्यानं हसले आणि तिच्याकडे पाहून त्यांनी टेबलावर वळलेल्या मुठीनं दोनदा टकटक केलं. इकडची शाबासकी.

बैठक संपल्यावर दारापाशी ते अरुंधतीला म्हणाले, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं. तुम्ही वेगळ्या. तुम्ही आणि तुमचे मिस्टर काम करता, भर घालता."

अरुंधतीनं हसून मान हलवली. नियम तोच होता. घरी आल्यावर तिनं हे चारुदत्तला सांगितलं.

"मग बरोबरच बोलले की," तो भांडी लावता लावता म्हणाला. "आपला निम्मा पगार इथे कापला जातो. आणि आपली नोकरी गेली तर व्हिसाचं घड्याळ सुरू. या युरोपवाल्यांना तेही नाही. अजून किती द्यायचं?"

"मी मत विचारत नव्हते तुला."

"तुझं काय आहे मग? शून्य ते दहा?"

लेकीला, निधीला, झोपायला पाठवायचं होतं. निधी दात घासता घासता जर्मनमधून विचारत होती, की आई दिवसभर लोकांना फक्त आकडे विचारते का.

*

डिसेंबरात लाँड्रीचं हॉटेलांशी असलेलं कंत्राट गेलं आणि लाँड्री बंद झाली. मिहाएलाला तिथे वर्ष भरायला थोडेच आठवडे कमी होते. हे अरुंधतीला कळलं ते पुढच्या उन्हाळ्यात, मिहाएलाचा फोन आला तेव्हा. वर्षाच्या आत नोकरी गेलेल्या युरोपीय माणसाला जॉबसेंटर, म्हणजे बेकारांसाठीचं सरकारी कार्यालय, सहा महिने आधार देतं. नंतर तो हक्क संपतो. मिहाएलाचा जूनमध्ये संपला होता.

"माफ करा," मिहाएला फोनवर म्हणाली. "माझ्याकडे शिकलेल्या माणसाचा हा एकच नंबर आहे. ते म्हणतात, परतीच्या प्रवासाला मदत करू. पण मला परत नाही जायचं. मी काम शोधतेय. माझे हात बरे झाले की मिळेल."

लाँड्रीतल्या रसायनांनी तिच्या हातांची कातडी फाटली होती. हातमोजे घालून चारदोन दिवस कुठे सफाईचं काम करायची, की पुन्हा रक्त यायचं.

अरुंधतीला नियम आठवला. तो बाजूला ठेवून ती मिहाएलाबरोबर सल्ला केंद्रात गेली, मग जॉबसेंटरमध्ये. खिडकीमागचा माणूस सभ्य होता. त्यानं कायद्यातलं कलम समजावून सांगितलं, दुसऱ्यांदाही तितक्याच शांतपणे सांगितलं. आधाराला पात्र व्हायचं तर नोकरी हवी, आणि नोकरी धरायची तर हात बरे हवेत, हे त्यालाही दिसत होतं. "तर मग, मी काही करू शकत नाही," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं.

बाहेर ट्राम थांब्यावर मिहाएलानं बाकावर बसून हातमोजे काढले, हातांवर मलम लावलं, पुन्हा घातले. ती रडली नाही. "तुमचं काय मत होतं?" तिनं विचारलं. "त्या प्रश्नावर. तुम्ही सांगितलंच नाही."

"मला सांगता येत नाही."

"अजूनही नाही?"

अरुंधतीनं ट्राम येतेय का ते वाकून पाहिलं. ट्राम आली तेव्हा दोघींनाही सुटल्यासारखं झालं.

खोलीचं भाडं थकलं तसं ऑगस्टमध्ये मिहाएलाला खोली सोडावी लागली. अरुंधतीनं घरी विषय काढला. दोन खोल्यांचं घर, त्यात दिवाळीपर्यंत चारुदत्तचे आईवडील राहायला आलेले. "कुठे ठेवणार तिला?" चारुदत्तनं विचारलं. त्याचा आवाज चढला नव्हता. प्रश्न खरा होता, म्हणूनच तिला त्यावर भांडता आलं नाही. सासूबाई मात्र म्हणाल्या, "अगं, हॉलमध्ये झोपेल की चार दिवस." पण चार दिवसांनी काय, हे त्यांनाही माहीत नव्हतं. तेवढ्यात मिहाएलाचाच निरोप आला, की जागा मिळाली, काळजी करू नका.

जागा हेर वेन्झेल यांनी दिली होती. दोघं एकदा सुपरमार्केटमध्ये भेटले, त्यांनी तिला ओळखलं, कशी आहेस विचारलं आणि तिनं खरं काय ते सांगून टाकलं. शहराच्या कडेला त्यांची भाड्याची बाग होती. अशा बागा इकडे ओळीनं असतात. भाजी, फुलं, दोन सफरचंदाची झाडं आणि मधे लाकडाची एक छोटी झोपडी. तिथे मुक्काम ठोकून राहायला बंदी असते. हेर वेन्झेल यांनी झोपडीची किल्ली तिच्या हातात दिली आणि शेजारच्या बागवाल्यांना सांगितलं, की बाई माझ्या मदतीला ठेवलीय.

सप्टेंबरात अरुंधती तिला भेटायला गेली. मिहाएलानं टोमॅटो तोडून धुवून पुढे ठेवले. झोपडी स्वच्छ होती, पलंगाशी तिच्या बहिणीचा फोटो टेकवून ठेवला होता. हेर वेन्झेल छताला डांबरी कागद ठोकत होते.

"मी म्हणालो होतो ना," शिडीवरून खाली न बघता ते म्हणाले, "माझ्या दारात आलं तर."

"पण थंडीत इथे कसं राहणार, हेर वेन्झेल?"

"हीटर आणतो गॅसचा. जानेवारीपर्यंत तिला काम मिळेल. माझ्या ओळखीचा एक बेकरीवाला आहे."

अरुंधती परत निघाली तेव्हा तिला कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा हलकं वाटत होतं. कोणीतरी सांभाळतंय. तिनं नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलं, की ते हलकं वाटणं मिहाएलासाठी होतं, की हे ओझं आता आपल्याकडे नाही म्हणून.

*

नोव्हेंबरच्या सुरुवातीला एकाएकी कडाक्याची थंडी पडली. मिहाएलानं खिडकीच्या फटी चिकटपट्टीनं बुजवल्या, दाराखाली घोंगडी कोंबली आणि हीटर लावून ती झोपली. सकाळी हेर वेन्झेल तिच्यासाठी पाव घेऊन गेले. हाका मारल्या, दार ठोठावलं, मग खांद्यानं ढकलून उघडलं. अशा हीटरच्या विषारी वायूला वास नसतो. पोलिसांनी नंतर सांगितलं, की तिला काही कळलंही नसेल. ते कोणाला धीर द्यायला सांगितलं होतं, कोण जाणे.

अरुंधती पोचली तेव्हा बागेच्या फाटकाशी पोलिसांची गाडी होती आणि हेर वेन्झेल दुसऱ्याच कोणाच्या तरी बागेच्या पायरीवर बसले होते. पावाची पिशवी अजून हातातच होती.

"मी तिला सांगितलं होतं, खिडकी थोडी उघडी ठेव," ते म्हणाले. "सांगितलं होतं मी. हो ना?"

"हो," अरुंधती म्हणाली. तिला ते माहीत नव्हतं, तरी म्हणाली.

मिहाएलाची बहीण इओआना बस बदलत बदलत आली. तिला जर्मन येत नव्हतं, थोडं इंग्रजी येत होतं. नातेवाइकांनी काही दिवसांत जबाबदारी घेतली नाही तर महापालिका अंत्यविधी करते, आणि तो दहनाचा असतो, कारण ते स्वस्त पडतं, हे तिला सांगायचं काम अरुंधतीवर आलं. अरुंधतीनं ते धीर देण्याच्या सुरात सांगितलं. तिच्या स्वतःच्या वडिलांना तिनं पुण्याच्या वैकुंठ स्मशानात अग्नी दिला होता. आगीत निरोप देण्यात काही वावगं असेल हे तिच्या मनातही आलं नाही.

इओआनानं दोन्ही हातांनी कान झाकले. "जाळणार?" ती म्हणाली. "तिनं काय केलं होतं?"

मग अरुंधतीला कळलं. त्यांच्यात पुरतात. जाळणं म्हणजे त्या माणसाला मेल्यावर पुन्हा उठायची वाट न ठेवणं. प्रेत गावी न्यायचं तर शववाहिनी ठरवावी लागणार होती, सबंध हंगेरी ओलांडून, आणि इओआनाजवळ स्वतःच्या परतीपुरतंच होतं.

दुसरी बैठक त्याच आठवड्यातल्या शनिवारी होती. सहा शहरांत एकाच दिवशी ठरलेली, पुढे ढकलता येण्यासारखी नव्हती.

*

अकरा जण आले. बातमी स्थानिक पेपरात छोटीशी आली होती, सगळ्यांना माहीत होती. बारावी खुर्ची अरुंधतीनं काढून ठेवली होती, तरी गोलात एक फट राहिलीच. हेर वेन्झेल आले, दारात क्षणभर थांबले आणि फटीपासून लांबची खुर्ची घेऊन बसले. त्यांच्यावर पोलिसांची चौकशी चालू होती. गटातल्या एकानंही त्यांना दोष दिला नाही. फ्राऊ हाबरलांट उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

बैठक सुरू होण्याआधी फ्राऊ हाबरलांट यांनीच विचारलं, "तिला घरी कसं नेणार आहेत?"

अरुंधतीनं सांगितलं. दहनाचंही सांगितलं. मग फ्राऊ हाबरलांट यांनी बिस्किटांचा डबा रिकामा केला, बिस्किटं कागदावर ठेवली आणि डबा फिरवायला सुरुवात केली. तरुण शिक्षक खाली जाऊन एटीएममधून पैसे काढून आला. एका बाईनं आपल्या भावाला तिथूनच फोन लावला. त्याची अंत्यविधीची कंपनी होती, तो कमीत कमी दरात गाडी द्यायला तयार झाला. डबा हेर वेन्झेल यांच्याकडे आला तेव्हा त्यांनी आतल्या खिशातलं पाकीट काढून अख्खं उलटं केलं. सगळे जण डोळे पुसत होते. इतक्या वर्षांत या शहरानं तिला असं पोटातून काही दाखवलं नव्हतं. ही माणसं चांगली आहेत, तिला वाटलं, फार चांगली आहेत.

मग तिनं प्रश्न वाचला. तोच, शब्दही न बदलता.

"मी सरळ सांगते," फ्राऊ हाबरलांट म्हणाल्या. "मागच्या वेळी मी मधलं मत दिलं होतं. आता कमी देईन. अशी आशा दाखवली की माणसं येतात. ती आली नसती तर जिवंत असती."

"तिला आधार मिळाला असता तरी जिवंत असती," शिक्षक म्हणाला.

"आणि तिच्यासारखे अजून किती? सगळ्यांना कोण पुरं पडणार?" पलीकडचा एक जण म्हणाला. त्यानं आत्ताच डब्यात दोन मोठ्या नोटा टाकल्या होत्या. "एका माणसाला मदत करता येते. एका माणसाला आपण करतोच. आत्ता केली की."

"पण ती मेल्यावर केली," शिक्षक म्हणाला.

अरुंधतीनं हेर वेन्झेल यांच्याकडे पाहिलं. त्यांनी बोलावं अशी तिची इच्छा होती आणि त्यांनी बोलू नये असंही तिला वाटत होतं.

"माझं मत तेच आहे," ते म्हणाले. "नाही."

कोणी माना डोलावल्या नाहीत.

"मला माहितीय तुम्ही काय विचार करताय. याच्या झोपडीत मेली आणि हा अजून नाहीच म्हणतो." त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले. "पण मी आता हो म्हटलं, तर त्याचा अर्थ काय होतो? ते तेव्हाच असायला हवं होतं, असा होतो. तिला माझी झोपडी लागायलाच नको होती, असा होतो. आणि मी गेल्या वर्षी इथे बसून नाही म्हणालो होतो. नाही. ते मला नाही पेलणार. माझं वय अडुसष्ट आहे."

मतं यंत्रावर नोंदली गेली. दोघांशिवाय सगळ्यांचे आकडे गेल्या वर्षीपेक्षा खाली आले होते. डबा टेबलावर भरलेला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी शववाहिनी निघाली. इओआना पुढे ड्रायव्हरशेजारी बसली होती. तिनं काच खाली करून अरुंधतीच्या हातांचे मुके घेतले आणि आपल्या भाषेत बरंच काही बोलली. अरुंधतीला त्यातलं एक अक्षर कळलं नाही.

*

प्रकल्पाच्या प्रमुख बाई दुसऱ्या शहरात असत. सोमवारी अरुंधतीनं त्यांना व्हिडिओ कॉल लावला आणि मिहाएलाबरोबर जॉबसेंटरमध्ये गेल्यापासून सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. बराच वेळ ऐकून घेतलं.

"तुझ्या जागी मीही गेले असते," त्या म्हणाल्या. "पण मग ड्रेस्डेनचा गट हिशेबात धरता येणार नाही, अरुंधती. तुझा संबंध आला, सभासदांचा एकमेकांशी आला, आणि त्यातून हे. याचा परिणाम मतांवर झाला नाही असं कोण म्हणेल?"

"झालाच ना. म्हणून तर तो धरायला हवा."

"तो एका घटनेचा परिणाम आहे. आपण धोरणाबद्दलची मतं मोजतोय."

अहवाल फेब्रुवारीत निघाला. पाच शहरं होती. युरोपभर सामायिक आधाराच्या कल्पनेला लोकांचा पाठिंबा वर्षभर स्थिर राहिला, असा निष्कर्ष होता. ड्रेस्डेनचा उल्लेख शेवटच्या पानावरच्या टिपेत, एका ओळीत. अरुंधतीचा करार त्याच महिन्यात संपला आणि पुढे वाढवण्यासारखं काम नव्हतं. चारुदत्त म्हणाला, "थोडं थांब, विश्रांती घे." एकदा जेवताना, कोणी विचारलं नसताना, तो म्हणाला, "तेव्हा हॉलमध्ये ठेवायला हवी होती तिला." निधीनं विचारलं, कोणाला? चारुदत्तनं तिला आणखी भात वाढला.

अरुंधती पोलिसांकडेही गेली होती. ती बाई झोपडीत राहते हे मलाही माहीत होतं, असं तिला लिहून द्यायचं होतं. अधिकाऱ्यानं नम्रपणे सांगितलं, की त्याची गरज नाही. झोपडी तुमची नव्हती, हीटरही तुमचा नव्हता.

हेर वेन्झेल यांना निष्काळजीपणाबद्दल दंड झाला आणि बागवाल्यांच्या संघानं त्यांची बाग काढून घेतली. मार्चमध्ये ते झोपडी पाडत असल्याचं अरुंधतीला फ्राऊ हाबरलांट यांच्याकडून समजलं. ती गेली. ते एकटेच होते. भिंतीच्या फळ्या उचकटून एकावर एक रचून ठेवल्या होत्या आणि छत उतरवायचं काम चाललं होतं. महिनाअखेर जागा मोकळी करून मुलाकडे रेगेन्सबर्गला जायचं होतं. तो तिथल्या कार कारखान्यात होता.

"काय निघालं शेवटी?" त्यांनी विचारलं. "आमच्या मतांचं?"

तिनं खोटं बोलायचा विचार केला. मग म्हणाली, "तुमचा गट धरला नाही. मी तिच्याबरोबर गेले होते, म्हणून."

"म्हणजे आमचे आकडे कमी झाले, तेही नाही?"

"नाही."

"आणि मी नाही म्हणालो, ते?"

"तेही नाही, हेर वेन्झेल. काहीच नाही."

ते हातोडी धरून तसेच उभे राहिले. त्यांचा चेहरा सैल पडला, आणि तो सुटकेनं पडला की कशानं, हे अरुंधतीला ओळखता येईना. "मी इतके दिवस ते 'नाही' मनात घेऊन," ते म्हणाले आणि त्यांनी हातोडी खाली ठेवली.

तुळई लांब होती, एकट्यानं उतरणारी नव्हती. अरुंधतीनं पर्स गवतावर ठेवली आणि दुसरं टोक धरलं.

"हळू," ते म्हणाले. "खिळे आहेत त्या बाजूला."